ब्रिजटाऊन, बार्बाडोस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२९ जून २०२४ला भारताने ब्रिजटाऊनच्या मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि त्या रात्रीपासून ब्रिजटाऊनबद्दल प्रश्न यायला लागले. सुरुवातीला सगळे मैदानाबद्दल विचारायचे, हळूहळू गावाबद्दल विचारू लागले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, पेचाचे नंतर. एखाद्या गोष्टीची माहिती दुसऱ्या उत्तरात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रिजटाऊन नेमकं कुठे आहे? बार्बाडोस कॅरिबियन समुद्रात येतं की अटलांटिकमध्ये?

ब्रिजटाऊन ही बार्बाडोसची राजधानी. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं, आणि वस्ती तीन लाखांच्या आत.

नकाशा नीट पाहिला तर कॅरिबियन बेटांची कमान पश्चिमेला राहते आणि बार्बाडोस तिच्याबाहेर, पूर्वेला एकटंच दिसतं. त्याच्या पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत मोकळा अटलांटिक आहे. तिथून बारा महिने वारा येतो आणि त्या किनाऱ्यावर लाटा आपटत असतात. ब्रिजटाऊन मात्र नैर्ऋत्येला, वाऱ्याच्या आडोशाला आहे, त्यामुळे तिथलं पाणी शांत असतं. शिडांच्या जहाजांना युरोपाकडून येताना हे बेट आधी लागायचं. वाटेत पहिलं बेट आणि त्यावर निवांत नांगरायची जागा, या दोन गोष्टी जुळल्या म्हणून इथे बंदर झालं.

२. फोटोत गावाच्या मधोमध एक अरुंद खाडी दिसते, पण क्रूझ तर भलतीकडेच लागते. मग बंदर नक्की कुठलं?

दोन्ही. आणि एक तिसरंही आहे.

सगळ्यांत जुनं म्हणजे गावाच्या दक्षिणेचा कार्लाइल बे. मोठी जहाजं तिथे उघड्यावर नांगर टाकत आणि माल छोट्या पडावांतून आत येई. आता तिथे पोहणारे, समुद्री कासवं पाहायला आलेले आणि बुडालेल्या जहाजांवर डुबकी मारणारे लोक दिसतात. बर्विन नावाची एक टगबोट १९१९ सालापासून तिथे इतक्या कमी खोलीवर पडून आहे की नुसता मास्क लावून वरूनही ती दिसते.

फोटोतली खाडी म्हणजे करीनेज, कॉन्स्टिट्यूशन नदीचं मुख. भरतीला जहाज आत आणायचं, दोरांनी एका कुशीवर कलतं करायचं, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि कालवं खरवडून काढायची, फटींत काथ्या आणि डांबर भरायचं, मग दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. याला इंग्रजीत 'करीन' करणं म्हणतात. हे काम इथे चाले, म्हणून हे नाव. पुढे या कामासाठी यंत्र आलं. दक्षिण काठावरची ब्लॅकवुड स्क्रू डॉक १८८९ ते १८९३ या काळात बांधली गेली. पाण्याखाली एक फलाट, त्याच्या दोन्ही बाजूंना आटे पाडलेले लोखंडी दांडे. जहाज फलाटावर आणून उभं करायचं आणि दांडे फिरवत फलाटासकट अख्खं जहाज पाण्याबाहेर उचलायचं. अशा प्रकारची जगात उरलेली ही एकच गोदी मानतात. तिचं लोखंड गंजलं आहे आणि ती बंद आहे. तरी काठावर उभं राहून पाहिलं की रचना डोळ्यांनी उलगडते. ब्रिजटाऊनमध्ये एकच जागा पाहायला वेळ असेल तर मी ही सांगेन.

तिसरं बंदर म्हणजे १९६१ साली सुरू झालेलं डीप वॉटर हार्बर. त्यासाठी समुद्रात भराव टाकून पेलिकन नावाचं छोटं बेट जमिनीला जोडलं. क्रूझ, कंटेनर, साखर, सगळं तिथे गेलं. करीनेजमध्ये आता मासेमारीच्या सहली नेणाऱ्या बोटी आणि खासगी नौका लागतात, आणि जुन्या गोदामांत खाणावळी आहेत.

३. गावाचं आधीचं नाव 'इंडियन ब्रिज' होतं म्हणे. तो पूल भारतीयांनी बांधला होता का?

नाही. ते 'इंडियन' म्हणजे अमेरिका खंडातले मूळ रहिवासी. १६२७ साली इंग्रज वस्ती करायला आले तेव्हा बेट रिकामं होतं, पण करीनेजच्या दलदलीवर आधीच्या लोकांनी टाकलेला एक ओबडधोबड लाकडी पूल होता. १६२८ साली त्याच्या आसपास गाव वसलं.

आज करीनेजवर दोन पूल आहेत. समुद्राकडचा चेंबरलेन पूल. पूर्वी तो आडवा फिरून जहाजांना वाट द्यायचा, २००६ साली नव्याने बांधला तेव्हापासून तो वर उचलला जातो. त्याच्या तोंडाशी स्वातंत्र्याची कमान आहे, स्वातंत्र्याला २१ वर्षं झाली तेव्हा, १९८७ साली उभारलेली. दुसरा पूल चार्ल्स डंकन ओनील यांच्या नावाचा. हे डॉक्टर होते आणि गरिबांसाठी राजकारणात उतरले. त्यांची गणना राष्ट्रीय वीरांत होते. एका पुलाला ब्रिटिश वसाहतमंत्र्याचं नाव, त्याच्या शेजारच्या पुलाला त्या राज्यव्यवस्थेशी भांडलेल्या माणसाचं. या गावात असं जागोजागी भेटतं.

४. हे चारशे वर्षांचं शहर म्हणतात, मग इमारती एवढ्या जुन्या का दिसत नाहीत?

कारण इमारती टिकल्याच नाहीत. १७६६ची आग, १७८०चं चक्रीवादळ, १८३१चं चक्रीवादळ, १८४५ची पुन्हा आग. दर दोन-तीन पिढ्यांनी गाव नव्याने बांधावं लागलं. आज दिसतं त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं आहे.

जुने आहेत ते रस्ते. ब्रॉड स्ट्रीटवरून आत शिरलात की गल्ल्या वळतात, अरुंद होतात, मध्येच फाटे फुटतात. स्पॅनिश वसाहतींतली शहरं आखलेल्या चौकोनांत आहेत, हे गाव आखलेलंच नव्हतं. सतराव्या शतकातल्या इंग्रजांनी त्यांच्याकडच्या बाजारगावांसारखं ते वाढू दिलं, आणि दर आगीनंतर लोकांनी आपापल्या जागेवरच पुन्हा घर उभारलं. २०११ साली युनेस्कोने 'ऐतिहासिक ब्रिजटाऊन आणि त्याची गॅरिसन' (म्हणजे फौजेची छावणी, प्रश्न १२ पाहा) जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात या वळणदार रस्त्यांना मोठं महत्त्व आहे.

वादळांच्या खुणा इमारतींवरही सापडतात. बऱ्याच जुन्या इमारतींचं छप्पर दर्शनी भिंतीच्या वर काढलेल्या कठड्याआड लपवलेलं असतं. पाखा बाहेर काढला तर वारा खालून शिरून छप्पर उचलतो, म्हणून ही युक्ती. वर मान करून चालत राहा, मोजता मोजता दमाल.

५. एवढ्याशा बेटावरचं हे गाव इतकं श्रीमंत कशावर झालं?

साखरेवर, आणि साखर गुलामांच्या जिवावर. १६४०च्या दशकात इथल्या मळेवाल्यांनी तंबाखू आणि कापूस सोडून ऊस धरला. उसाचं तंत्र ब्राझीलमधून आलं, मजूर आफ्रिकेतून पकडून आणले. १६६१ साली बार्बाडोसने गुलामांबाबतचा जो कायदा केला त्याने माणसाला मालमत्ता ठरवलं, आणि इतर इंग्रज वसाहतींनी तो नमुना म्हणून उचलला. करीनेजच्या काठावर साखरेची पिंपं चढत आणि माणसं उतरत.

हे उत्तर आम्ही मुद्दाम वर ठेवलं आहे. ब्रिजटाऊनच्या रंगीत इमारतींचे फोटो पाहणाऱ्याला ही बाजू माहीत असायलाच हवी. १८१६ साली बुसाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी मोठा उठाव केला, तो चिरडला गेला. गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली आणि पुरती सुटका १८३८ साली झाली.

६. संसदेच्या इमारतीत काय पाहण्यासारखं आहे?

नॅशनल हीरोज स्क्वेअरच्या उत्तरेला दोन दगडी इमारती आहेत. पश्चिमेची १८७२ची, पूर्वेची १८७४ची. दगड बेटावरचाच, प्रवाळापासून बनलेला चुनखडी. जवळ जाऊन भिंतीवर हात फिरवा, त्यात शंखशिंपल्यांचे आणि प्रवाळाचे ठसे लागतात. मनोऱ्यावरचं घड्याळ आधी पूर्वेच्या इमारतीवर होतं. तिथली जमीन भुसभुशीत, मनोरा खचू लागला, म्हणून तो उतरवून १८८६ साली पश्चिमेच्या इमारतीवर नवा बांधला.

आतल्या रंगीत काचांत इंग्लंडच्या राजा-राण्यांची चित्रं आहेत, आणि त्यांच्या रांगेत ऑलिव्हर क्रॉमवेलही आहे. राजाचं डोकं उडवणाऱ्यांचा म्होरक्या राजांच्या पंगतीत बसलेला सहसा कुठे दिसत नाही. इमारत एकोणिसाव्या शतकातली असली तरी विधिमंडळ १६३९ सालापासूनचं आहे, जगातल्या जुन्या विधिमंडळांपैकी एक. मात्र त्यातली बहुतेक वर्षं ते फक्त जमीनदार गोऱ्या पुरुषांचं होतं.

७. चौकातला नेल्सनचा पुतळा का काढला? तो तर लंडनच्या पुतळ्याहून जुना होता ना?

होता. नेल्सन म्हणजे ब्रिटिश आरमाराचा सेनापती. त्याचा इथला पुतळा १८१३ सालचा, लंडनच्या चौकातला त्यानंतर तीसेक वर्षांनी आला. चौकाचं नावही ट्रफाल्गर स्क्वेअर होतं. ते १९९९ साली बदलून नॅशनल हीरोज स्क्वेअर केलं. पुतळा मात्र राहिला आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. नेल्सनने मळेवाल्यांचा व्यापार राखला आणि गुलामगिरीची बाजू घेतली, मग वीरांच्या चौकात तो कशाला, असं एक म्हणणं. इतिहास आहे तसा राहू द्या, असं दुसरं. १६ नोव्हेंबर २०२०ला पुतळा क्रेनने उतरवला. तो फोडला नाही, जपून ठेवला.

त्यानंतर एक वर्षाने, ३० नोव्हेंबर २०२१च्या मध्यरात्री, याच चौकात बार्बाडोस प्रजासत्ताक झालं. ब्रिटिश राणीचा ध्वज उतरला, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि तेव्हाचे युवराज चार्ल्स हे समोर बसून पाहत होते. पंतप्रधान मिया मॉटली यांनी रिहानाला राष्ट्रीय वीर जाहीर केलं तेही त्याच सोहळ्यात (प्रश्न १७ पाहा).

इथून थोड्या पावलांवर गोल्डन स्क्वेअर आहे, तिथेही जा. १९३७ साली क्लेमंट पेन तिथे कामगारांच्या सभा घ्यायचा. सरकारने त्याला बेटाबाहेर काढलं आणि गावात दंगल पेटली. त्या दंगलीतूनच पुढे कामगार संघटना आणि पक्ष उभे राहिले. आता तिथे बाग आहे. क्रूझने आलेले पाहुणे चौकात फोटो काढून परत फिरतात, तिथवर फारसं कोणी जात नाही, आणि ते मला खटकतं.

८. कॅरिबियन गावात सतराव्या शतकातलं सिनेगॉग कसं काय?

ब्राझीलमधल्या रेसिफेवर डचांचं राज्य होतं तोवर ज्यूंना तिथे मोकळीक होती. १६५४ साली पोर्तुगीजांनी ते परत घेतलं आणि ज्यू पांगले. त्यातले काही इथे आले. त्यांना साखरेचं तंत्र अवगत होतं, व्यापाराच्या ओळखी होत्या. निधे इस्रायल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याच वर्षीचं सांगतात. १८३१च्या वादळात ते पडलं, १८३३ साली पुन्हा बांधलं. पुढे ज्यू वस्ती ओसरली, १९२९ साली इमारत विकली गेली. १९८०च्या दशकात ती पाडायचं चाललं होतं, तेव्हा बेटावरच्या ज्यूंनी धडपड करून ती वाचवली.

२००८ साली आवारात रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, जुन्या घराचा शोध घेताना खोदकामात दगडी पायऱ्या लागल्या. त्या खाली एका कुंडात उतरत होत्या. हे शुद्धीस्नानाचं कुंड, मिकवे, जिवंत झऱ्यावर बांधलेलं. पाणी अजून येतं. मातीखाली गाडलं गेलेलं हे कुंड कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

९. त्रिनिदाद-गयानासारखे इथे भारतीय वंशाचे लोक आहेत का? मराठी कोणी?

आहेत, पण थोडे, आणि त्यांची कहाणी वेगळी आहे. त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम इथे जमीन भरपूर होती. गुलामगिरी संपल्यावर सुटलेले लोक मळे सोडून दुसरीकडे गेले आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले. बार्बाडोसमध्ये दाट वस्ती आणि सगळी जमीन मळ्यांखाली. सुटलेल्यांना जायला जागाच नव्हती, ते त्याच मळ्यांवर राबत राहिले (प्रश्न १३ पाहा). त्यामुळे गिरमिटिये इथे आणावे लागले नाहीत.

इथले भारतीय विसाव्या शतकात व्यापारी म्हणून आले. आधी बंगालमधून काही, मग सुरत भागातले गुजराती मुसलमान, आणि सिंधी. सुरतेचे लोक कापडाचं गाठोडं घेऊन वाड्यावस्त्यांवर दारोदार फिरायचे आणि आठवड्याच्या हप्त्याने उधारीवर माल द्यायचे. बँका ज्यांना उभं करत नसत त्यांच्यासाठी कपडे, चादरी, भांडी घ्यायचा तो एक मार्ग होता. स्वान स्ट्रीटवर आजही भारतीय वंशाच्या दुकानदारांची दुकानं आहेत. गावात मशिदी आहेत आणि बेटावर हिंदू मंदिरही आहे. मराठी माणसाचा या गावाशी जुना संबंध आहे तो क्रिकेटचा.

१०. केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक फायनलआधी भारताचं काय काय झालंय?

बरंच, आणि त्यातलं पुष्कळसं दुखरं. वेस्ट इंडीजमधली पहिली कसोटी याच मैदानावर जानेवारी १९३०मध्ये झाली.

१९६२ साली बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला तडा गेला, शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला पुढे आले त्यात वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगरही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. पुढच्याच कसोटीत, याच मैदानावर, २१ वर्षांचे पतौडी कर्णधार झाले. वॉरेल यांच्या नावाने बंगाल क्रिकेट संघटना दरवर्षी रक्तदान शिबिर भरवते.

१९७१चा दौरा अजित वाडेकरांचा. पहिल्या डावात भारत ६ बाद ७० होता. मडगावचे दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सातव्या जोडीला १८६ धावा जोडल्या. सरदेसाई १५०, सोलकर ६५. दुसऱ्या डावात सुनील गावसकर नाबाद ११७, सामना अनिर्णित. भारताने ती मालिका जिंकली, वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदाच. मालिका राखण्यात सरदेसाई-सोलकर भागीदारीचा वाटा मोठा आहे, आणि गावसकरांच्या ७७४ धावांच्या झगमगाटात तिचं नाव जेवढं निघायला हवं तेवढं निघत नाही.

१९९७ साली सचिन कर्णधार असताना जिंकायला १२० हवे होते, सगळे ८१वर बाद.

आणि मग २०२४. भारत १७६, दक्षिण आफ्रिका १६९. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, आणि सामना संपल्यावर रोहित शर्माने खेळपट्टीवरची चिमूटभर माती तोंडात घातली.

मैदान गावाच्या चौकापासून चालत जाण्याजोगं आहे. २००७च्या विश्वचषकासाठी ते जवळजवळ नव्याने बांधलं. बाहेर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. सोबर्स याच गावचे, बे लँड वस्तीत वाढलेले.

११. त्या वेळी टीम वादळात अडकली होती. मग जायला सुरक्षित काळ कोणता?

फायनलनंतर दोनच दिवसांत बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद झाला, टीम हॉटेलात अडकून पडली आणि खास विमानाने ४ जुलैला भारतात पोचली. त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर काय झालं ते तुम्ही पाहिलंच. टीव्हीवर फारसं दिसलं नाही ते असं, की ब्रिजटाऊनच्या मच्छीमार बंदरातल्या कितीतरी बोटी लाटांनी एकमेकींवर आपटून फुटल्या. त्या बोटींवर कुटुंबं जगतात. उभं राहायला त्यांना पुष्कळ काळ लागला.

वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. बार्बाडोस कमानीबाहेर असल्यामुळे (प्रश्न १ पाहा) बरीच वादळं उत्तरेकडून निघून जातात, पण भरवसा धरू नये. डिसेंबर ते मे कोरडा, आल्हाददायक काळ. तेव्हाच क्रूझचा हंगाम असतो, दरही चढे. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी क्रॉप ओव्हर उत्सवाची मिरवणूक असते. ऊसतोडणी संपल्याचा हा जुना सण. तो पाहायचाच असेल तर वादळाचा धोका पत्करून जावं लागतं.

१२. जॉर्ज वॉशिंग्टन इथे राहिला होता हे खरं का?

खरं आहे. १७५१ साली, वयाच्या १९व्या वर्षी, क्षयाने आजारी असलेल्या सावत्र भावाला हवापालटासाठी घेऊन तो आला. अमेरिकेबाहेर तो गेला ती ही एकच वेळ. इथे त्याला देवी आल्या आणि तो बरा झाला. ते घर गॅरिसन भागात आहे, गावाच्या मध्यापासून सुमारे तीन किलोमीटर.

गॅरिसन म्हणजे ब्रिटिश फौजेची छावणी. कवायतीच्या मैदानावर आता घोड्यांच्या शर्यती होतात. जुना लष्करी तुरुंग आता बार्बाडोस म्युझियम आहे. १९६६ साली स्वातंत्र्याचा झेंडा पहिल्यांदा वर गेला तोही याच मैदानावर. सकाळी लवकर पेबल्स बीचवर गेलात तर शर्यतीचे घोडे समुद्रात पोहायला आणलेले दिसतात.

१३. लाकडी, रंगीत, छोटी छोटी घरं दिसतात ती काय आहेत?

चॅटल हाउस. बेट समजून घ्यायला संसदेइतकीच ही घरं महत्त्वाची आहेत. गुलामगिरी संपल्यावर मजूर मळ्याच्या जमिनीवरच भाड्याने राहत. घर त्यांचं, जमीन मालकाची. मालकाशी बिनसलं की निघावं लागे. म्हणून घर असं बांधायचं की उचलून नेता येईल. खाली पाया नाही, नुसते एकावर एक रचलेले दगड. भिंतींचे फळे खिळे काढून सुटे होतात. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर दोन पाख्यांचं उभट छप्पर. गाडीवर लादून नव्या जागी नेलं की चार जणांच्या हातांनी पुन्हा उभं. पैसे जमतील तशी मागे एकेक खोली जोडत जायचं. पुढे कायद्याने भाडेकरूंना जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि कित्येक घरांना तेव्हा पहिल्यांदा पाया मिळाला.

गावाच्या कडेच्या वस्त्यांत अजून अशी घरं आहेत, लोक राहतात. दारातून आत डोकावून फोटो काढू नका.

१४. जुन्या भागात बऱ्याच इमारती रिकाम्या दिसतात. गाव ओस पडत चाललंय का?

ओस नाही, पण जीव कमी झाला आहे हे खरं. ब्रॉड स्ट्रीटवर १८९५ची दोन घुमटांची म्युच्युअल बिल्डिंग आहे, १९०६ साली सुरू झालेलं केव्ह शेपर्ड दुकान आहे, जवळच मध्यवर्ती बँकेचा उंच मनोरा आहे आणि त्याच संकुलात नाट्यगृहही. तरी कचेऱ्या आणि दुकानं वॉरन्ससारख्या बाहेरच्या भागात गेली, कारण तिथे गाडी लावायला जागा मिळते. जुन्या इमारतींचे खालचे मजले चालू आणि वरचे बंद, असं चित्र बरंच दिसतं. अरुंद रस्ते हाच वारसा (प्रश्न ४ पाहा) आणि तीच अडचण.

माझं मत विचाराल तर वरच्या मजल्यांवर माणसं राहायला आली पाहिजेत. रोज वापर असेल तर छप्पर गळलेलं लगेच कळतं. बंद इमारतीचं कळतं तेव्हा तुळई कुजलेली असते.

१५. भारतातून कसं जायचं? व्हिसा लागतो का?

थेट विमान नाही. लंडनमार्गे किंवा न्यूयॉर्क, मायामी, टोरांटोमार्गे जावं लागतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. खरी अडचण वाटेतली आहे. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्येही ट्रान्झिट व्हिसाचे नियम आहेत, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल तर देशात प्रवेश करण्याचाच व्हिसा लागतो. तिकीट काढण्याआधी हे पाहा. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा.

१६. गाव किती दिवसांत होतं? टॅक्सीच लागते का?

गावासाठी दोन दिवस पुरे, गॅरिसन आणि कार्लाइल बे धरून. जुना भाग पायीच बघायचा. रविवारी दुकानं बंद असतात, गाव सुनंसुनं असतं, शनिवारी दुपारनंतरही पांगापांग होते. बाजार पाहायचा तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

बस उत्तम. निळ्या सरकारी, पिवळ्या खासगी मिनीबस आणि पांढऱ्या रंगाच्या, लाल-तपकिरी पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांना सगळे 'झेडआर' म्हणतात. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. सरकारी बसमध्ये नेमके सुटे द्या, परत मिळत नाहीत. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५ सालापासून बांधलेला आहे. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात.

एक नियम लक्षात ठेवा. लष्करी छापाचे, हिरव्या ठिपक्यांचे कपडे इथे कायद्याने चालत नाहीत, लहान मुलांनाही नाही. पॅकिंग करताना काढून ठेवा.

१७. रिहानाचं घर बघता येतं का?

बाहेरून. ती वाढली ती वेस्टबरी रोडवर, केन्सिंग्टन ओव्हलच्या बाजूच्या भागात. २०१७ साली त्या रस्त्याला रिहाना ड्राइव्ह नाव दिलं. घर छोटं आहे, आजूबाजूला लोकांची रोजची वस्ती आहे, त्यामुळे आवाज न करता पाहून या.

१८. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

सवय नसेल तर पहिला दिवस जड जातो. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कूकू आणि उडणारा मासा. कूकू मात्र शाकाहारीच. मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून लाकडी उलथण्याने घोटघोटून केलेला गोळा. माशाशिवाय मागा, पण वर घालतात तो रस्सा कशाचा आहे ते विचारा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण पूर्ण शाकाहारी असतं, गावातल्या टेंपल यार्ड भागात चौकशी करा. मॅकरोनी पाय सगळीकडे मिळतो, त्यात चीज आणि बऱ्याचदा अंडं असतं. बटाटा किंवा चण्याची भाजी भरून गुंडाळलेली रोटीही मिळते, ती त्रिनिदाद-गयानाकडून इथे आली. झाडाच्या सालीचं मॉबी नावाचं सरबत कडसर असतं, पण उन्हातून आल्यावर बरं वाटतं.

१९. तिथे राहून भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीचं ऑनलाइन काम करता येईल का?

येईल. २०२० साली सुरू झालेल्या 'वेलकम स्टॅम्प' योजनेत बारा महिने राहून बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम करता येतं. वर्षाचं उत्पन्न किमान ५०,००० अमेरिकी डॉलर असल्याचं सांगावं लागतं. शुल्क एकट्यासाठी २,००० आणि कुटुंबासाठी ३,००० अमेरिकी डॉलर. स्थानिक नोकरी या परवान्यावर करता येत नाही. पर्यटक म्हणून आत येऊन गुपचूप काम करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वेळेचं गणितही आधी मांडा. बार्बाडोस भारतापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, भारतातल्या ऑफिसची सकाळ म्हणजे तिथे आदली मध्यरात्र.

२०. प्रजासत्ताक झालं, तरी क्वीन्स पार्क, क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल ही नावं तशीच कशी?

प्रजासत्ताक होताना राष्ट्रप्रमुख बदलला, प्रत्येक पाटी बदलायची असं काही ठरलं नव्हतं. देश राष्ट्रकुलातही राहिला. नावांचा प्रश्न इथे एकेक करून सोडवतात. चौकाचं नाव बदललं, कारण त्या जागी वीरांचा सन्मान करायचा होता (प्रश्न ७). चेंबरलेन पुलाचं राहिलं, आणि हॉस्पिटलला तर सगळे आद्याक्षरांनीच हाक मारतात.

क्वीन्स पार्कमध्ये ब्रिटिश सेनापतीचं निवासस्थान होतं. आता तिथे सावलीतल्या बाकांवर शाळेची मुलं डबा खातात. बागेत बाओबाबचं एक अवाढव्य झाड आहे. ते आफ्रिकेतल्या गिनीमधून १७३८च्या सुमारास आणल्याचं तिथल्या पाटीवर लिहिलं आहे. नाव बदलावं का असं बागेत विचारलंत तर दोन्ही बाजूंची मतं ऐकायला मिळतील.